हौशीचं तिसरं वेत

दिवेलागणीला गोठ्यात बादलीची कडी वाजली, की वस्तीवर कुणीच मान वर करायचं नाही. आई भाकरी थापत राहायची. पप्पा मोबाईल चाळत राहायचे. नाथाकाका ओट्यावर बसून, कानात बोळे घातल्यासारखं तोंड करून समोरच्या उसाकडं बघत राहायचे. गोठ्याकडं वळून बघायची ती एकटी ज्ञानेश्वरी.

आणि हौशी. हौशी ही त्यांची गाय, काळीपांढरी, कपाळावर भाकरीएवढा पांढरा ठिपका असलेली. कडी वाजली की ती कान टवकारायची, गोठ्याच्या मागच्या कोपऱ्याकडं मान वळवायची आणि नाकातल्या नाकात बारीक हुंकारायची. तो हुंकार ज्ञानेश्वरीला पक्का ठाऊक होता. हौशी तसं सगळ्या जगात एकाच माणसाला हुंकारायची, लंकाकाकूला. आणि लंकाकाकू तर श्रावणात कावीळ होऊन गेली होती.

कोपऱ्यात कुणीच नसायचं. दगडी भिंत, खुंटीला काकूचा विळा, खाली पालथी घातलेली बादली. पालथ्या बादलीची कडी कशी वाजेल, हे विज्ञानात पंच्याण्णव मार्क पाडणाऱ्या ज्ञानेश्वरीलाही सांगता आलं नसतं. उंदीर असेल, असं तिनं स्वतःला दोनचारदा समजावून बघितलं. पण उंदराला हुंकारणारी गाय तिनं आजवर पाहिली नव्हती.

लंकाकाकू म्हणजे नाथाकाकांची बायको. हौशीला तिनंच वाढवलं होतं, बाटलीनं दूध पाजून. कारण हौशीची आई हौशीला जन्म देऊन जी खाली बसली ती उठलीच नाही. मान मोडल्यासारखी कुशीवर टाकलेली, कान बर्फासारखे गार. ते तिचं तिसरं वेत होतं. पुढं हौशी स्वतः दोनदा व्याली तेव्हा काकू दोन्ही वेळा गोठ्यातच मुक्कामाला होती आणि हौशी व्याल्यावर लगेच ताठ उभी राहिली. आता मार्गशीर्षात हौशी पुन्हा गाभण होती, दिवस भरत आले होते, वेत तिसरं होतं आणि काकू नव्हती. घरात हे कुणीही तोंडानं बोलत नव्हतं, पण आमटीत मीठ जास्त पडलं तरी त्याचं कारण सगळ्यांना कळत होतं.

तोंडानं न बोलण्याला आणखी एक कारण होतं. या घरात गाभण जनावराला काय चारलं ते सांगायचं नाही, अशी रीत होती. दृष्ट लागते म्हणे. काकू तर पेंडीचं आंबोण कालवताना गोठ्याचं दार लोटून घ्यायची. एकदा ज्ञानेश्वरीनं फटीतून डोकावून काय घालतेस म्हणून विचारलं, तर काकू म्हणाली होती, "तुझं डोकं कापून घालते, जा अभ्यास कर." आणि मग दोघीही हसल्या होत्या, एक दाराच्या आत, एक बाहेर.

आता जरा ज्ञानेश्वरीचं. नववीपर्यंत ही पोरगी वर्गात उभी राहिली की घसा कोरडा पडून खाली बसायची. घरी तर तिचं बोलणं म्हणजे पंख्याची घरघर, चालू आहे तोवर चालू. पण दहावीला शोभा मॅडमनी तिला विज्ञान प्रदर्शनासाठी उभी केली. विषय तिनं स्वतः शोधला, तोही लिंबाच्या बागेत. पप्पा लिंबांवर बोरॉन फवारायचे, नाहीतर फळ टणक व्हायचं आणि गळून पडायचं. लिंबाला लागतं, मग आपल्याला लागतं का, असं तिच्या मनात आलं. शोधता शोधता कळलं की माणसाच्या आणि जनावराच्या अंगातही बोरॉन कणभर असतं. ते कॅल्शियम, मॅग्नेशियम वापरायला, हाडं धरून ठेवायला मदत करत असावं, असं बरेच संशोधक मानतात, पण माणसाला ते लागतंच, हे अजून शंभर टक्के ठरलेलं नाही. शेंगदाणे, हरभरे, मनुके, लसूणघास यांत ते बरं असतं, आणि ऊस, ज्वारी, मका असल्या गवताच्या जातीत अगदी कमी. प्रदर्शनात तिनं हे असं धडाधड सांगितलं, की परीक्षक खुर्चीत पुढं सरकून बसले. तालुक्यात पहिला नंबर. त्या दिवसापासून ज्ञानेश्वरीच्या जिभेला पाय फुटले.

त्याच दिवशी जेवताना तिनं घरात भाषण ठोकलं. हाडं सांगितली, सांधे सांगितले, सवागी म्हणजे बोरॉनचाच खार तेही सांगितलं. मग तिला एकदम सुचलं आणि ती बोलून गेली, की काकू होती तेव्हा हौशीला रोज कवळभर, काखेत मावेल एवढा, घास मिळायचा. गोठ्यामागचा घासाचा तुकडा भाद्रपदात पप्पांनी मोडला, ऊस लावला, आणि आता गव्हाणीत नुसतं उसाचं वाढं, शेंड्याची पाती, पडतं. वाढ्यात बोरॉन नसल्यातच जमा. हौशीची आईसुद्धा वाढ्यावरच होती ना?

घास म्हणजे लसूणघास, नगरकडचा जनावरांचा लाडका हिरवा चारा, हे घरात कुणाला सांगायला नको होतं. पण नाथाकाकांच्या हातातली भाकरी तोंडाजवळ थांबली. आईनं परातीतला हात काढला. पप्पांनी मोबाईल पालथा ठेवला. आजवर ज्ञानेश्वरीच्या बोलण्यानं घर असं कधी थांबलं नव्हतं, आणि तिला ते इतकं आवडलं, इतकं आवडलं, की प्रदर्शनाच्या तक्त्यावरचा शेवटचा चौकोन ती विसरूनच गेली. त्या चौकोनात प्रमाण होतं. कणभर लागतं, जास्त झालं की तेच बाधतं, हे तिनं स्वतःच्या हातानं लाल शाईत लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला जायच्या आधी तिनं मोटारीच्या खोलीतून फवारणीच्या बोरॉनची पिशवी काढली आणि चमचाभर पांढरी भुकटी हौशीच्या आंबोणात मिसळली. दार लोटून. रीत म्हणजे रीत. हौशीनं नाक मुरडलं, पण खाल्लं.

विचित्र गोष्टी सुरू झाल्या त्या इथून. ज्ञानेश्वरी सकाळी गोठ्यात जायच्या आधीच हौशीच्या नाकपुडीवर पांढरी भुकटी असायची. पिशवीत आदल्या दिवशी जेवढं बघून ठेवलं, त्याहून दुसऱ्या दिवशी कमी असायचं. आणि गव्हाणीत, वाढ्याच्या पिवळट पात्यांखाली, हिरवीगार तीन पानं असलेली काडी. घासाची. ताजी, दव असलेली. घास तर आसपास कुणाकडंच राहिला नव्हता, सगळीकडं ऊस.

पहिल्यांदा तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. ती काडी हातात धरून कोपऱ्यातल्या विळ्याकडं बघत किती वेळ उभी राहिली. मग हळूहळू, भीतीच्या खालून दुसरंच काहीतरी वर आलं. काकूला पटलंय, तिला वाटलं. काकू ऐकत होती त्या रात्री. काकूसुद्धा देतेय.

एखाद्या मेलेल्या माणसानं आपलं म्हणणं मान्य करावं, यापुढं तालुक्याचा पहिला नंबर म्हणजे काहीच नाही. ज्ञानेश्वरी त्या दिवशी शाळेत उडतच गेली. दिवेलागणीला कडी वाजली तेव्हा तिनं हळूच, कुणाला ऐकू जाणार नाही असं, "हो, घातलंय मी," असंही सांगून टाकलं. कोपऱ्यातून थंड वारा आला. हौशी हुंकारली. पण तो हुंकार आज लांबला आणि शेवटी शेवटी कण्हल्यासारखा झाला.

आठवडाही झाला नसेल, हौशीनं वैरण खाणं सोडलं. आंबोणाच्या घमेल्याकडं बघेना. मागचे पाय सुजून खांबासारखे झाले. शेण पातळ, डोळे खोल. कोपऱ्याकडं मात्र सारखी बघायची, अगदी भर दुपारीसुद्धा, आणि पाण्यासारखं काहीतरी डोळ्यांतून गळायचं. काकांनी तिच्या पाठीवर गोणपाट टाकलं आणि ते तिथंच उकिडवे बसले. आईचा स्वयंपाक करपला. या वेळेला घरात सगळ्यांना जी दिसत होती ती हौशी नव्हती, तिची आई होती.

पप्पांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर मनवा मूळच्या नगरच्या, नव्यानंच या भागात आलेल्या, स्कूटीवरून फिरायच्या. त्यांनी हौशीचं अंग चाचपलं, पाय दाबून बघितले, नळी लावून पोटातला आवाज ऐकला आणि विचारलं, "खायला काय काय घालताय?"

"नेहमीचंच," पप्पा म्हणाले.

"नवीन काही? पावडर, चाटण, औषध?"

पप्पांनी काकांकडं बघितलं, काकांनी आईकडं, आईनं चुलीकडं. गाभण जनावराला काय चारलं ते सांगायचं नसतं. डॉक्टरांनी खांदे उडवले, बॅग उघडली आणि जंतुसंसर्ग असेल असं काहीतरी पुटपुटत इंजेक्शनची बाटली काढली.

ज्ञानेश्वरीनं त्या बाटलीकडं बघितलं. बोलावं तर दृष्ट, न बोलावं तर हौशीला भलतंच औषध. तिनं कोपऱ्याकडं बघितलं. बादली गप्प होती. कुणी काही सांगत नव्हतं, ना जिवंत ना मेलेलं. मग तक्त्यावरचा तो लाल चौकोन तिच्या डोळ्यांपुढं असा उभा राहिला, की घसा पुन्हा नववीसारखा कोरडा पडला. तशातच ती बोलली.

"मी बोरॉन घालते. फवारणीचं. रोज सकाळी चमचाभर."

डॉक्टरांचा हात थांबला. आणि मग, धरणाचं दार जरासं उचललं की पाणी आपसूक लोटतं तसं झालं. आई पदराला हात पुसत म्हणाली, की ती रोज दुपारी गुळात सवागी देते, पोरीनंच सांगितलं होतं ना, सवागीत तेच असतं म्हणून. पप्पा खाकरले. ते कारखान्यावर उसाची खेप टाकून आले की पिशवीतलं मूठभर टाकत होते, पहाटे, सगळे उठायच्या आधी. शेवटी सगळ्यांनी काकांकडं बघितलं.

"मी संध्याकाळी," काका म्हणाले. "पान्यात."

डॉक्टरांनी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "म्हणजे घरादारानं मिळून गाईवर फवारणी केलीत तुम्ही."

हसावं की रडावं कुणाला कळेना. ज्ञानेश्वरीला तर जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा तिचं बोलणं घरानं मानलं होतं. सगळ्यांनी मानलं होतं, एकमेकांना न सांगता, आणि त्याचं ओझं एकटी हौशी पेलत होती.

डॉक्टरांनी इंजेक्शनची बाटली परत बॅगेत ठेवली. बोरॉन जास्त झालं की जनावर खाणं टाकतं, पाय सुजतात, हगवण लागते, हे त्यांनी समजावलं. पाणी भरपूर पाजा, जे जास्त झालंय ते लघवीवाटे निघून जाईल, वेळेत बोललात हे नशीब. पोरगी खोटं बोलली नव्हती, असंही त्या म्हणाल्या. चाऱ्यातून कणाकणानं जातं ते अंगाला लागतं. पण पिशवीतलं झाडासाठी असतं, झाडाच्या मापानं. "घास मिळाला तर बघा. त्यात कॅल्शियमही असतं. नुसत्या वाढ्यावर गाभण गाय ठेवणं बरं नाही."

"घास कुठला आता," पप्पा मान खाली घालून म्हणाले. "मीच मोडला."

डॉक्टरांनी गव्हाणीत हात घातला आणि वाढं बाजूला सारलं. खाली हिरवा पुंजका होता. "मग हा काय?"

मगाशी सगळ्यांनी सगळं सांगून टाकलं होतं. लपवायला कुणाकडं काही उरलं नव्हतं. तरी चौघांनी एकमेकांच्या तोंडाकडं बघितलं, आणि चौघांच्याही तोंडावरचा रंग एकदमच उतरला. भुकटीचं कोडं सुटलं होतं. पिशवी कोण रिकामी करत होतं ते कळलं होतं. घास कुणीच आणला नव्हता.

डॉक्टरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. "जो कुणी घालतोय त्याला घालू द्या," एवढं सांगून त्यांनी स्कूटीला किक मारली.

त्या दुपारी ज्ञानेश्वरी गोठ्यामागच्या उसात शिरली. ऊस तिच्या छातीला लागत होता, पाती दंडाला कापत होती. आत गेल्यावर बाहेरचा आवाज तुटला. ट्रॅक्टर नाही, कुत्रं नाही, नुसती पात्यांची सळसळ, आणि ती सळसळ तिच्या पावलांपेक्षा एक पाऊल मागं राहत होती. ती थांबली की जरा उशिरानं थांबायची. तिनं वळून बघितलं नाही. पाटाच्या कडेला, नांगर पोचला नव्हता अशा चिंचोळ्या पट्टीत, घास उभा होता. जांभळी फुलं आलेला, गुडघाभर. आणि एका टोकाला तो कापलेला होता, अगदी जमिनीलगत, नुकताच. कापलेल्या बुडख्यांतून ओल वर येत होती. ओल्या मातीवर तिच्या स्वतःच्या चपलांशिवाय कुणाचाच ठसा नव्हता.

ती पळत परत आली. गोठ्यात खुंटीवर काकूचा विळा होता तिथंच होता. श्रावणापासून कुणी हात न लावलेला, पात्यावर तांबेरा चढलेला. धारेवर तेवढी हिरवी ओली रेघ होती. ज्ञानेश्वरीनं बोट लावलं नाही.

हौशी सावरू लागली. बादल्याच्या बादल्या पाणी प्यायली, पायांची सूज ओसरली, गव्हाणीत सकाळी जे हिरवं सापडायचं ते काडी न ठेवता संपवू लागली. घरात कुणी त्याविषयी बोललं नाही. पण पप्पांनी ट्रॅक्टर पाटाच्या त्या कडेनं न्यायचं सोडलं, आणि आई संध्याकाळी गोठ्याच्या दाराशी पणती ठेवू लागली.

मग एका संध्याकाळी, सूर्य उसात बुडता बुडता, हौशी व्याली. कालवड झाली, आईसारखाच ठिपका घेऊन. सगळ्यांनी श्वास सोडला, आणि तेवढ्यात हौशीचे पुढचे पाय थरथरले आणि ती खाली बसली. मान वळून कुशीवर पडली. नाथाकाकांनी तिचा कान धरला आणि हात चटका बसल्यासारखा मागं घेतला. गार होता.

डॉक्टर आल्या तेव्हा दिवे लागले होते. कॅल्शियमची बाटली पप्पांनी उंच धरली, शिरेतून थेंब थेंब हळू सोडलं, मधूनमधून नळी लावून डॉक्टर हृदयाचे ठोके ऐकत राहिल्या. ज्ञानेश्वरीच्या मांडीवर हौशीचं डोकं होतं, दगडासारखं जड. बाटली संपली. डॉक्टर म्हणाल्या, आता उठायला हवी. काकांनी शेपटीशी धरून उचलायचा प्रयत्न केला, पप्पांनी खांदा लावला. हौशी उठेना. ती डोळे उघडे ठेवून पडली होती आणि तिला कुठं बघायचंय हेच आता ठरवता येत नव्हतं.

"ऊठ गं माझे आई," काका म्हणाले. श्रावणानंतर पहिल्यांदा त्यांचा आवाज असा मोठ्यानं फुटला.

कोपऱ्यात बादलीची कडी वाजली.

या खेपेला सगळ्यांनी मान वर केली. पप्पांनी, आईनं, डॉक्टरांनीसुद्धा. कडी वाजली, मग बादली दगडावर ओढल्यासारखा खरखरीत आवाज झाला, आणि ओल्या घासाचा वास असा आला, की जणू कुणी कापलेली पेंढी काखेत घेऊन शेजारून गेलं. हौशीचा कान हलला. ज्ञानेश्वरीच्या मांडीवरचं ओझं कमी झालं. नाकातल्या नाकात बारीक हुंकार फुटला, आणि हौशीनं मागचे पाय आवळले, एकदा घसरली, दुसऱ्यांदा झोकांडी खाल्ली आणि उभी राहिली. उभं राहून ती आधी कोपऱ्याकडं वळली. कालवडीकडं मग.

डॉक्टर भानावर आल्या त्या सगळ्यांत आधी. नळी गुंडाळता गुंडाळता, आवाज जरासा कापरा होता तरी, त्या म्हणाल्या, की हे कॅल्शियमचं काम आहे, कधीकधी लागायला वेळ घेतं. पुढं दोन दिवस लक्ष ठेवा, सगळं दूध एकदम पिळू नका. पुढच्या वेताच्या आधीपासून चारा नीट लावायचा, तर आताच लिहून ठेवते. त्यांनी पेन काढलं.

"घास रोज किती पडतो?"

ज्ञानेश्वरीनं कालवडीचं नाक पुसत पुसत सांगून टाकलं.

"ते आम्हाला माहीत नाही, मॅडम. आम्ही नाही घालत. काकू घालते. लंकाकाकू."

आता आई गप बस म्हणेल, पप्पा डोळे वटारतील, म्हणून तिनं मान आत ओढून घेतली. पण आईनं नुसता पदर तोंडाला लावला. पप्पा रिकामी बाटली हातात धरून उभेच होते. डॉक्टरांनी एकदा कोपऱ्याकडं बघितलं, एकदा या पोरीकडं, आणि पेन कागदावर तसंच टेकवून ठेवलं.

नाथाकाका हौशीच्या पाठीवर गोणपाट सारखं करत होते.

"कवळभर घालती ती," ते म्हणाले. "कमी न्हाई, जास्त न्हाई. लिवा, मॅडम."

डॉक्टर मनवांनी लिहिलं, कवळभर.